आक्काची चंची

"आक्का, गाडीची किल्ली गेली कुठं?" गुंडू व्हॅनखाली आडवा होऊन ओरडला.

"मला काय ठावं? मला गाडीतलं काय कळतंय?" त्याची आई म्हणाली. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा, गुंडूसुद्धा. तिनं पान लावलं आणि चंची घट्ट आवळून कमरेला खोचली. किल्ली त्या चंचीतच होती, सुपारीच्या खाली.

करणार काय बिचारी! पोराची तिशी उलटली. उचगावात किराणा दुकान झ्याक चाललेलं. पण मुलगी बघायला चल म्हटलं, की पठ्ठ्या जुनी व्हॅन काढायचा आणि रानात मुक्काम ठोकायला पळायचा. या खेपेला आक्का हट्टानं बरोबर निघाली. गाडीत बघते, तर दोन स्टोव्ह, दोन कंदील, दोन बादल्या, ट्रान्झिस्टरसुद्धा दोन.

"एक बिघडलं तर रानात कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" गुंडू म्हणाला होता.

"व्हय की! बायको तेवढी एकबी न्हाय," आक्का फणकारली होती.

कळे गावाच्या पुढं ओढ्याकाठी गाडी थांबवायला लावली तीही आक्कानंच. "हितलं पाणी लई ग्वाड हाय," म्हणाली. वरचं रान बाबासोंचं. त्यांच्या लेकीचं, हौसाचं, स्थळ गुंडूनं तोंडसुद्धा न बघता मोडलं होतं. आता हे त्याला कोण सांगतंय!

गुंडू व्हॅनखालनं निघाला आणि मागच्या पेटीत खुडबुडायला लागला. तेवढ्यात हौसा भाकऱ्या घेऊन आली.

"काय ओ पावणं, एक किल्ली सांभाळता येत न्हाय आन् मुलूख हिंडाय निघालाय?"

गुंडूनं पेटी बंद केली आणि चक्क हसला. घरात कुणी असं बोललं असतं, तर ताटावरनं उठला असता.

मग दोघं गवतात किल्ली शोधू लागली. दुसऱ्या दिवशीही शोधली. पुढं शोधणं कमी आणि खिदळणं जास्त. आक्का बांधावर बसून पान चघळत बघत राहिली.

बाबासोंनाच राहवेना. "कळ्यासनं मिस्त्री आणू का?"

आक्काचा हात चंचीवर गेला.

"नको, नको! त्याला कशाला तरास? गावंल की," गुंडू घाईघाईनं म्हणाला. आक्काचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी गुंडू मान खाजवत तिच्याजवळ येऊन बसला. "आक्का, बाबासोंकडं शब्द टाकतीस काय? हौसासाठी."

आक्काचे डोळेच भरून आले. जिंकली होती ती! पदरानं डोळे टिपता टिपता तिनं चंचीतली किल्ली हळूच गवतात टाकली आणि ओरडली, "आरं, ही बघ की! तुझ्या पायापाशीच हाय!"

गुंडूनं किल्ली उचलली, सदऱ्याला पुसली, आणि खिशातनं दुसरी किल्ली काढून दोन्ही एका दोऱ्यात ओवल्या.