एकतीस दात

एकतीस दात. वर डावीकडची अक्कलदाढ नाही.

ग्लोव्हजच्या आत घाम.

खाली उजवीकडे सोनेरी कॅप.

"यंदा राहिलीस तर गुपचूप माझ्या दुकानात काउंटरवर बसायचं." मामा, सकाळी घरून निघताना.

सिमेंट भरलेल्या दाढा दोन. की तीन?

सर खुर्चीत आडवे झाले होते. डेंटल कॉलेजातली ही परीक्षा ते स्वतःच्याच तोंडावर घेत. एकेकाने आत यायचं, आरसा घालायचा, दिसेल ते सांगायचं. दरवर्षी तोंड तेच. म्हणून कुणीतरी त्याची चिठ्ठी केली होती आणि ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येत राहिली. दारात मैत्रीण तिच्या कानाशी लागली होती, "वेडाबाई, आत बघत बसू नकोस. आरसा फिरव आणि घडाघडा म्हण."

मागच्या वर्षी चिठ्ठी म्हणतानाच ती अडखळली होती. नापास. आजही गाडी सिमेंटपाशी अडली.

"बोला बाईसाहेब," सर म्हणाले, "की नुसत्या भेटायला आलात?"

पुढचं काही केल्या आठवेना. मग तिने खरंच बघायला सुरुवात केली. जिभेचं टोक गॉजच्या पट्टीत धरून बाजूला ओढलं, पहिल्या वर्षी सरांनीच शिकवलं होतं तसं. जिभेच्या कडेला, अगदी मागे, पांढरट चट्टा. मधे लाल. बोट ठेवलं तर कडा टणक.

चिठ्ठीत हे नव्हतं.

सरांना सांगायचं, सरांच्याच तोंडाबद्दल? चुकलं तर काउंटर.

तिने जीभ सोडली. "सर, मागे, या बाजूला... दुखतं का?"

"छे. काहीच दुखत नाही."

बोलून झालं आणि ते थांबले. जो चट्टा दुखत नाही त्याला घाबरा, हे वाक्य ते वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

"तो चेहऱ्याचा आरसा दे."

तिने दिला. जीभ पुन्हा तिलाच धरावी लागली. सरांनी आरसा तोंडासमोर धरून चट्टा पाहिला.

आरसा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता पेशंटला काय सांगशील?" परीक्षा घेताना विचारायचे तसं नाही.

"आजच चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू, सर. उद्यावर नको."

त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी तिचा नंबर तेविसावा होता; आधीचे बावीस जण आरसा फिरवून चिठ्ठी म्हणून गेले होते.