दहावं वाक्य

"आई, एकच डाव." सहा वर्षांची मैथिली मुठीत सागरगोटे घेऊन माझ्यासमोर फतकल मारून बसली होती.

"माझा गृहपाठ होऊ दे आधी," मी वहीतून मान वर न करता म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून आले की मी जर्मन घोकत बसायचे. जर्मनीत नर्सची नोकरी मिळवायची तर परीक्षा पास होणं भाग होतं. क्लासच्या मॅडम तेव्हा वेळ सांगायचे शब्द शिकवत होत्या. घड्याळातली वेळ सांगताना 'उम', महिन्याच्या नावाआधी 'इम', संध्याकाळी म्हणायचं तर 'आम आबेंट'. सवय व्हावी म्हणून रोज आपल्या दिवसाची दहा वाक्यं लिहायची. वाक्यं झाली की पाठांतर. तोवर मैथिली सागरगोटे डबीत भरून आजीजवळ जेवायला बसलेली असायची.

मला इथे जर्मनीत येऊन आठ महिने झाले. ती तिकडेच आहे, आजीकडे. फोनवर दोन मिनिटं बोलते आणि विचारते, "जाऊ मी खेळायला?" मी जा म्हणते. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

काल बॅगेच्या तळाशी ती वही सापडली. नऊ वाक्यं रोज वेगळी होती. दहावं मात्र नेहमी तेच, सोपं पडायचं म्हणून लिहिलेलं: आम आबेंट मी माझ्या मुलीबरोबर खेळते.

मी पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर त्या वाक्यापुढे मॅडमची लाल शाईतली बरोबरची खूण होती.