उसने तळवे

माणसाने अखेर अंतरावर विजय मिळवला. आता फक्त दुसऱ्या कुणीतरी तेवढे चालले की झाले.

त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर विलास मयेकर अनवाणी चालत होता. त्याच्या तळव्यांतली सगळी जाणीव यंत्राने नागपूरला, हिरुबाई नाखवांच्या लुळ्या पायांत पोचवली होती. त्याला स्वतःला पायाखालचे काहीच जाणवत नव्हते. मासळी विकायची आपली जुनी जागा हिरुबाईंना एकदा पायांनी पाहायची होती. उद्या तिथे नवी फरशी बसणार होती.

"बाला, पाय कापलाय तुझा," त्या त्याच्या कानातल्या फोनमधून म्हणाल्या.

विलासने खाली पाहिले. रक्त होते. "असेल, आजी. तुम्हाला दुखतंय का?"

"दुखू दे. डावीकडं सरक. अजून. थांब!"

पायाखालच्या झिजलेल्या दगडाला एक खाच होती. विलासला तिच्यात काही विशेष दिसले नाही.

"माझ्या कोयत्यानं पडलेली खाच ही," हिरुबाई म्हणाल्या. "हितंच जन्म गेला माझा."

विलासने तळवा खाचेवरून हलकेच फिरवला. "अजून काही हवंय, आजी?"

"होय रे. डाव्या टाचेला खवला चिकटलाय. तेवढा काढ, नि जरा खाजव."