पदवीची चटई

माझी नात सेइनी हल्ली ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवते, जसं काही आम्हीच तिचं खाल्लंय. युनिव्हर्सिटीत तिचं आणि तिची चुलत बहीण फिफिता हिचं कॉम्प्युटरचं काम ओळीला ओळ सारखं निघालं. तिथला नियम असा, की देणारीला आणि घेणारीला, दोघींनाही शून्य. सेइनीने मॅडमना सांगितलं, "मी दिलं नाही, तिने चोरलं." सेइनीचे मार्क शाबूत राहिले. फिफिताला चोरीपायी युनिव्हर्सिटीतून काढून टाकलं.

आमच्या टोंगात मानाच्या दिवशी कमरेला चटई गुंडाळतात; राजधानीत, नुकुआलोफाला पदवी घेताना सेइनीने गुंडाळायची चटई विणायला आज बायका जमल्या. फिफिता सगळ्यांच्या आधी येऊन बसली. तिच्याशी कुणी बोललं नाही. ती मान खाली घालून केवड्याच्या पात्या ओढत राहिली.

"आजी, हिला कशाला बोलावलंस?" सेइनी माझ्या कानाशी पुटपुटली.

मी बोलावलं नव्हतं. पण ते काम द्यायच्या आदल्या रात्री फिफिता पडवीत रडत बसली होती आणि सेइनीनेच "घे गं, बघून लिही" म्हणत कॉम्प्युटर तिच्यापुढे सरकवला, तेव्हा मी तिथेच विणत होते.

"सेइनी," मी सगळ्या बायकांपुढे म्हटलं, "पदवीच्या दिवशी कुणी विचारलं ना, चटई कुणी विणली, तर सांग, 'मी एकटीने विणली.' असं सांगणं तुला जमतं."