आपल्या देशाला मत

युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा लागली की बाबा आमच्या व्हिएन्नातल्या घरात बसून एकेका देशाचा उद्धार करतात. "ही ग्रीसची बाई गातेय, की हिची शेपटी दारात सापडलीय?" ऑस्ट्रियाचा पोरगा गायला आला, तर त्यांनी टीव्हीचा आवाजच बंद केला. सर्बियाच्या गाण्याला मात्र डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

"नेवेना, फोन घे. आपल्या देशाला मत दे."

मी हलले नाही.

"इथे जन्मलीस म्हणून शिंगं फुटली का तुला? दे म्हणतो ना आपल्या देशाला!"

"नाही देता येत, बाबा!" मीही ओरडले. "राहतो त्या देशाला मत देता येत नाही, असा नियम आहे. नाहीतर तुम्ही आवाज बंद केलात ना, तेव्हाच दिलं असतं."