सिरिंजच्या टोकाला चंद्र

“सासरा वायरमन आणि सून कंपाउंडर!” अण्णा हसले.

केतकीने सलाइनची नळी गच्चीवरच्या रेडिओच्या तांब्याच्या तारेपर्यंत नेली आणि खालच्या टोकाला छोट्या इराच्या औषधाची सिरिंज बसवली. दट्ट्या दाबून धरला की हवेच्या जोराने वरचा खटका मिटे, तारेचा पुढचा तुकडा जोडला जाई आणि संदेश पोचायला हवी तेवढी ती लांब होई. बोलताना तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट चढत. तिथवर नेलेल्या वायरींमधून ठिणग्या उडून अण्णांचे तीन रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, जळाले होते. नळीतल्या हवेला मात्र शॉक बसत नाही.

सौरवादळात उपग्रह बंद पडल्यापासून चंद्रावरच्या तळाशी बोलायला घरच्या अशा तारा तेवढ्या उरल्या होत्या. केतकीचा नवरा निनाद तिथेच अडकला होता. तो तिकडे गेल्यावर जन्मलेल्या लेकीचा, इराचा, आवाज त्याने अजून ऐकला नव्हता.

“अण्णा, इराला घट्ट धरा हं. तारेकडे अजिबात नको.”

चंद्र टाकीवर आला. केतकीने दट्ट्या दाबला. वर टक् झालं.

“निनाद, ही इरा. बोल ना गं, बाबा म्हण!”

इरा गप्प. मग तिला आईच्या हातातली सिरिंज दिसली, आणि कडू औषध आलं असं समजून तिने भोकाड पसरलं. सिरिंज लपवावी, तर अंगठा सोडता येईना.

जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. स्पीकर खरखरला.

“रडतेय? रडू दे, केतकी. गप्प करू नकोस तिला.”

इरा मात्र गप्प झाली होती. तिने स्पीकरकडे पाहिलं, मग मान वर करून चंद्राकडे.

केतकीचा अंगठा बधिर झाला होता. तिने तो तसाच दाबून धरला.