मिश्र दुहेरी

बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीची फायनल दोघांनी जिंकली, तशी ती त्याचा हात धरून म्हणाली, "चल, बाबा बाहेर गाडीत थांबलेत. आज आपलं सांगूनच टाकू. तुझी आई कुठे बसलीये?"

तो रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांकडे बघत राहिला. "आई नाही आली गं. बरं नाहीये तिला."

मागे कोर्ट पुसणाऱ्या सफाईवाल्या बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या पुढे आल्या.

"साहेब, जरा बाजूला होता का? ओलं आहे, पाय घसरेल तुमचा."

तो मुकाट्याने बाजूला झाला.

"किती प्रेमळ आहेत ना या मावशी!" ती म्हणाली.

त्याला मान वर करवेना. आईने जन्मात पहिल्यांदाच त्याला अहोजाहो केलं होतं.